पहिला चहा कोणाचा

दिवाळी आटोपली, पणत्या माळ्यावर गेल्या, की वऱ्हाडात कापसाचा हंगाम सुरू होतो आणि मला हॉटेलातला चहा चालेनासा होतो. घरचा चालतो, शेजारचा चालतो, लग्नकार्यातला पाणचट चहासुद्धा मी मुकाट्याने घेतो. पण हॉटेलातला नाही. होळीपर्यंत हे असंच असतं. आमच्या घरात याला माझं खूळ म्हणतात, आणि ऐंशीच्या घरातल्या माणसाला एखादं खूळ असायचंच, म्हणून कोणी फार खोलात शिरत नाही.

यंदा नातू पुण्याहून आला आणि हट्टाने मला इथल्याच, अमरावतीतल्या एका नव्या कॅफेत घेऊन गेला. काचेची दारं, मंद दिवे, आणि हातात दिलेल्या पुठ्ठ्यावर आल्याच्या चहाची किंमत एकशे चाळीस रुपये. मी मनात हिशेब केला. माझ्या तरुणपणच्या सहा नव्या पैशांच्या दराने, रोज एक याप्रमाणे, या रकमेत सहा वर्षांचा चहा झाला असता. हे मी नातवाला सांगितलं तेव्हा तो मोठ्याने हसला. मीही हसलो. किमतीचं मला काही वाटलं नाही. महागाईवर बोलणं हा म्हाताऱ्यांचा हक्कच आहे, तो मी बजावला इतकंच.

मग चहा आला आणि माझ्या लक्षात आलं की तिथे आवाज नाही. वीस-पंचवीस माणसं चहा-कॉफी पीत होती. ओठ कपाला लागत होते, घोट आत जात होते, पण फुरका म्हणून कुठे ऐकू येत नव्हता. कोण चहा पितंय आणि कोण नुसतंच बसलंय, डोळे मिटले तर कळलं नसतं. माझ्या अंगावर काटा आला. नातवाला वाटलं, गारवा जास्त झालाय. त्याने उठून एसी कमी करायला सांगितला.

त्याला काय सांगणार? मी एकदा एका बाईला माझ्या फुरक्याच्या आवाजाने फसवलं आहे, हे कसं सांगणार?

*

आमचं घर वकिलाचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, कोर्टात जितके बोलत तितके घरी गप्प असत. चहा दिवसातून दोनदा, आईच्या हातचा, आणि तो पिताना आवाज करायचा नाही हा कायदा. बशीत ओतून प्यायलेलं अण्णांना चालत नसे. "जनावरं पाणवठ्यावर आवाज करत नाहीत, तुम्ही काय करता?" असं ते म्हणत. आणि हॉटेलात बसून चहा पिणं ही तर थेट वाया जाण्याची पहिली पायरी. आमच्या गल्लीतला एक मुलगा हॉटेलात चहा पिताना दिसला, ही बातमी त्याच्या घरी पोचायच्या आधी आमच्या घरी पोचली होती.

अशा घरातून मी इंटरला नापास झालो. नवे पैसे नुकतेच आले होते तो काळ. अण्णा ओरडले नाहीत, ते त्याहून वाईट. त्यांच्या ओळखीचे एक अडते अकोल्याला होते. हंगामापुरता त्यांच्याकडे कापसाच्या काट्यावर मी उभं राहायचं असं ठरलं, आणि तुळशीचं लग्न लागायच्या आत माझी वळकटी बडनेऱ्याहून अकोल्याच्या गाडीत चढली.

अकोल्यातल्या त्या पहाटा मला अजून दिसतात. दर्यापूरकडून, मूर्तिजापूरकडून रात्रभर चाललेल्या बंड्या, कापसाने भरलेल्या बैलगाड्या, जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, रस्त्यावर ओळीने उभ्या असत. धुई इतकी की बैल दिसायच्या आधी त्याच्या गळ्यातली घंटा ऐकू यायची आणि गाडीवान दिसायच्या आधी त्याचा खोकला. हवेत बारीक कापूस तरंगायचा. तो भुवयांवर बसे, मिशांवर बसे, पापण्यांवर बसे. जिनातून पहाटे सुटणारी माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढरी होऊन बाहेर यायची आणि न बोलता धुईत शिरायची. त्यांतला कोण म्हातारा आणि कोण तरणा हे ओळखू येत नसे. पहिले काही दिवस मी त्यांच्याकडे बघायचं टाळायचो.

मला भोंगा व्हायच्या आधी काट्यावर हजर व्हायचं असे. खोलीत स्टो नव्हता, अंगात हुडहुडी, आणि रस्त्याच्या तोंडाशीच गणपतभाऊंचं हॉटेल. टिनाचं छप्पर, पुढे भट्टी, चार बाकडी, आणि मागे गोणपाटाचा पडदा. पडद्यामागे स्वयंपाकघर आणि घर एकच. तिथे गयाकाकू, गणपतभाऊंच्या बायको, दूध तापवायच्या, भज्यांचं पीठ कालवायच्या. त्या पुढे कधी येत नसत. त्या काळात कुठलीच बाई हॉटेलात पुढे येत नसे. बांगड्यांचा आवाज यायचा आणि पडद्याखालून दुधाचं पातेलं पुढे सरकायचं. एवढंच त्यांचं दर्शन.

तिथे मी बशीतून चहा प्यायला शिकलो. गाडीवानांनी शिकवलं. एक चहा मागवायचा, कप एकाने घ्यायचा, बशी दुसऱ्याने, आणि अर्धा अर्धा आणा द्यायचा. नव्या पैशांनी यात घोळ घातला होता. एका आण्याचे सहा पैसे की सव्वासहा, यावर गणपतभाऊंशी रोज कोणीतरी हुज्जत घालायचंच. "पाव पैसा तुमाले सोडला, जा, त्याचं शेत घ्या," असं म्हणत ते हसत. जिभेवर चटका बसू नये म्हणून चहाबरोबर हवा ओढायची, ती किती ओढायची, याचं प्रत्येकाचं गणित वेगळं. मी जोरात ओढायचो. अण्णा साठ मैलांवर होते आणि प्रत्येक फुरक्यात मला ते अंतर जाणवत असे. खरं सांगतो, तेव्हा मला फार मोकळं वाटे.

*

चूक झाली ती अशी.

त्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर गेलो. हॉटेलात गणपतभाऊंशिवाय कोणी नव्हतं. दाराजवळच्या एकट्या स्टुलासमोर, फळीवर, कप-बशी ठेवलेली होती आणि कपातून वाफ निघत होती. मला वाटलं, मला येताना पाहून भाऊंनी ओतून ठेवला. आमच्या घरी समोर कप आला की तो प्यायचा असतो, कोणासाठी आहे असं विचारायचं नसतं. मी स्टुलावर बसलो. आदल्या दिवशी काट्याच्या साखळीत उजव्या हाताची बोटं चेमटली होती, त्यांना फडकं बांधलेलं, म्हणून डाव्या हाताने बशीत चहा ओतला आणि ओढला. बशीच्या काठाला टवका गेलेला होता. त्यातून हवा गेली आणि फुरक्याबरोबर बारीक शीळ वाजली.

पडद्यामागचं पातेलं खाली आदळलं.

"आला का रे, वसंता?"

गणपतभाऊ भट्टीपाशी उभे होते. त्यांच्या हातातल्या गाळणीतून चहा ठिबकत होता आणि तो विस्तवात पडत होता, तरी त्यांनी हात हलवला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ओठांवर बोट ठेवलं. मला काही कळलं नाही, पण मी गप्प राहिलो.

"हाव," भाऊ पडद्याकडे तोंड करून म्हणाले. "पिऊन राहिला. बोलू नको त्याच्याशी."

 आतून बाईंच्या रडण्याचा नाही, हसण्याचा आवाज आला, अगदी हलका. मी घाईने चहा संपवला आणि खिशातून पैसे काढले. भाऊंनी माझी मूठ मिटवली. बाहेर निंबाखाली नेऊन त्यांनी मला सगळं सांगितलं, माझ्या तोंडाकडे न बघता.

हॉटेलवाल्यांची एक रीत असते. सकाळचा पहिला चहा विकायचा नाही. तो रस्त्यावर ओतायचा, वाटेवरच्या देवाला, वाटेवरच्या भुकेल्याला, कोणालाही. गणपतभाऊही तसंच करत. पण सहा वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा वसंता अशाच हंगामात घरातून गेला. कामाच्या गर्दीत, गिऱ्हाइकांसमोर, आई त्याला पडद्यामागून बोलली होती. दिवसातून चार चार चहा फुकट ढोसतो, एक बशी विसळत नाही, असं काहीतरी. आई मुलाला बोलते तेवढंच. वसंताने समोरचा कप तसाच ठेवला, "तुह्या घरचा चहा पुन्हा तोंडाले लावणार नाई," म्हणाला आणि एका बंडीवर बसून निघून गेला. नंतर त्याचा पत्ता नाही. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून गयाकाकूंनी पहिला चहा ओतू दिला नाही. तो वसंताच्या टवक्याच्या बशीत, वसंताच्या जागी ठेवायचा. निवला की निंबाच्या बुंध्याला घालायचा. सगळ्या बाजाराला हे ठाऊक होतं. त्या स्टुलावर कोणी बसत नसे. मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण हे सांगावं लागतं असं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आवाजानं माणूस ओळखते ते," भाऊ म्हणाले. "पडद्यामागून सांगते, हा बोरगावचा आला, हा मुनीम आला. बशीच तशी हाये ना ते. तिच्यातून जो पिईन तो तसाच वाजीन."

"मग काकूंना खरं सांगा ना. मी सांगू का?"

 "सहा साल झाले, हसली नोयती ते," ते म्हणाले. "उद्याबी येजा बाप्पा. तुमचं काय जाते?"

*

खरंच, माझं काय जात होतं? फुकट चहा मिळत होता.

मी रोज जाऊ लागलो. धुईत, सगळ्यांच्या आधी. स्टुलावर बसायचं, डाव्या हाताने बशी उचलायची, शीळ वाजवायची. उजव्या हाताची बोटं आठ दिवसांत बरी झाली, तरी मी डावाच हात वापरत राहिलो. वसंता डावरा होता हे मला नंतर भाऊंनी सांगितलं. 

गयाकाकू आतून बोलू लागल्या. उत्तर मागत नसत, नुसत्या बोलत. गाय विकली. मावशीच्या पोरीचं लगन झालं. "साखर जास्त टाकली, तुले लागते तशी." मला जास्त साखर कधीच आवडली नव्हती. संक्रांत येईपर्यंत आवडू लागली. खोलीवरच्या सोबत्याने एकदा विचारलं, "कावून बे, झोपेत कोणाशी बोलून राहतं?" काय बोलतो म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "मायशी."

मला त्या पडद्याची भीती वाटायला लागली. तो जाडाभरडा गोणपाट, त्याला दुधाचे डाग. एका हाताने सारला की संपलं. मी तिथे बसलोय हे त्यांना दिसलं असतं, एक फिकुटलेला, चष्मा लावलेला, वकिलाचा नापास मुलगा. पण पडदा कधी सरला नाही. एकदा मी भाऊंना विचारलं, की सहा वर्षांनी आलेला मुलगा दारात बसलाय, तर आई धावत बाहेर कशी येत नाही?

भाऊंनी भट्टीतले निखारे उगाचच सारखे केले. "ते म्हणते, पाह्यलं तं जाईन."

"म्हणजे?"

"तुमी शिकलेले माणसं," ते म्हणाले. "समजून घ्या ना."

मला समजलं. मला वाटत होतं, ती माऊली मला परत आलेला मुलगा समजते. तसं नव्हतं. पहिल्या दिवसापासून तिने मला मेलेला मुलगा मानलं होतं. रोज पहाटे धुईतून येऊन, चहा पिऊन, उजाडायच्या आत जाणारा. आणि ती तरीही खूश होती.

*

माघ सरत आला. बंड्या कमी झाल्या, जिनाचा भोंगा एकदाच व्हायला लागला. अडत्यांनी मला महाशिवरात्रीनंतर मोकळं करतो म्हणून सांगितलं. अण्णांचं पत्र आलं, की पुन्हा परीक्षेला बसायचं आहे. मी गणपतभाऊंना जायचं सांगितलं, तेव्हा ते खाली बसले.

"मंग तिचं काय?" ते म्हणाले. "एकदम बंद झाला तं तिले वाटीन, पुन्हा रागावून गेला. काहीतरी बोला तुमी जातानी. तिचं मन मोकळं होईन असं."

मी बोलणार नव्हतो. निश्चय केला होता. पण दुसऱ्याच दिवशी, मी पहिला फुरका मारल्यावर, पडद्याच्या अगदी जवळून, इतक्या जवळून की गोणपाट त्या श्वासाने हलला, गयाकाकूंनी विचारलं:

"वसंता, मी बोल्ली म्हणून गेला का रे तू?"

मी बशी खाली ठेवली.

"येवढं सांग. मंग काई नाई विचारत. माह्यामुळे गेला का?"

मी वऱ्हाडातला असलो तरी आमच्या घरी वऱ्हाडी बोलली जात नसे. अण्णांना खपत नसे. पण त्या वेळी माझ्या तोंडून जे शब्द आले ते वऱ्हाडी होते, आणि आवाज माझा नव्हता. कोणी काही म्हणो, मी तो आवाज ऐकलेला आहे.

"नाई, माय. तुह्यावर रागावून नाई गेलो. माहं काई राहिलं नाई आता. उद्यापासून चहा नको ठेवत जाऊ."

ही चार वाक्यं आधी जुळवून बोललो असतो तर ती अधिक शहाणपणाची झाली असती. मला तेव्हा दोनच गोष्टी हव्या होत्या. तिच्या डोक्यावरचं ओझं उतरावं, आणि माझी सुटका व्हावी. यातली दुसरी जास्त हवी होती, हे आज कबूल करतो.

 आत बांगड्या वाजल्या. त्या हळूहळू मागे, घराच्या आत गेल्या.

*

दोन दिवसांनी कळलं की गणपतभाऊंच्या घरी वसंताचे दिवस करणार आहेत. भटजींनी आधी नकार दिला होता. माणूस बेपत्ता असला तर बारा वर्षं वाट पाहायची असते, सहा वर्षांत कसे करता, असं ते म्हणत होते. गयाकाकूंनी त्यांना सांगितलं, "तो सोता येऊन सांगून गेला मले. त्याचं काई राहिलं नाई म्हणे." त्यापुढे भटजी काय बोलणार? पळसाच्या पानांचा पुतळा केला आणि त्याला अग्नी दिला.

मी पळून जायला हवं होतं. पण अडत्यांचा हिशेब व्हायचा होता, गाडीला दिवस होते. दहाव्याला मी मोर्णा नदीच्या काठी गेलो. पिंड ठेवले, त्याच्याजवळ टवक्याच्या बशीत चहा ठेवला. कावळे होते, आसपासच्या दगडांवर भरपूर होते. एकही जवळ येईना. ऊन चढलं. भाऊ हात जोडून म्हणाले, "तुह्या मायले सांभाळीन." कावळे हलले नाहीत. वसंताचा मामा म्हणाला, "तुह्या नावानं पाणपोई लावीन." नाही. एकेक नातेवाईक पुढे येऊन काहीबाही कबूल करत गेला. कोणीतरी म्हणालं, पोराचं काहीतरी राहिलंय.  शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि लोक घरी निघाले. चहावर तोवर जाड साय आली होती.

तेरवीला भाऊंनी मला बोलावलं. "येजा नक्की. तुमी नाई आले तं बरं नाई दिसणार." मी पंगतीत बसलो. तिथे मी गयाकाकूंना पहिल्यांदा पाहिलं. ठेंगणी, सावळी बाई, पांढरे होत चाललेले केस, कपाळावर मोठं कुंकू. भाजी वाढत त्या माझ्यापुढे आल्या. "घ्या ना, लाजू नका," म्हणाल्या, जशा कोणाही परक्याला म्हणाल्या असत्या. त्यांचा चेहरा इतका निवांत होता की मला वर बघवेना. जेवणानंतर चहा आला. सगळी पंगत फुरके मारत होती. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे मिटून. मी चहा गार होऊ दिला आणि अण्णांनी शिकवला होता तसा, आवाज न करता, प्यायलो.

*

मी परीक्षा पास झालो, वकील झालो, अण्णांच्या टेबलाशेजारी माझं टेबल लागलं. सात-आठ वर्षं गेली. अकोल्याला कोर्टाच्या कामाने जाणं व्हायचं, पण जिनाच्या रस्त्याला मी जात नसे.

संत्र्यांचा मोसम होता. आमच्या अमरावतीच्या बाजारात पाट्यांचे ढीग लागले होते. एका पक्षकाराची वाट बघत मी मोटार स्टँडजवळच्या हॉटेलात काळ्या कोटातच बसलो होतो. गर्दी होती, म्हणून एक माणूस विचारून माझ्यासमोर बसला. पस्तिशीचा, रापलेला, अंगाला संत्र्यांच्या सालीचा वास. शेंदूरजनाघाटच्या एका बागेत कलमं बांधायचं काम करतो म्हणाला. एक चहा मागवला, कप माझ्याकडे सरकवला आणि बशी स्वतः घेतली. डाव्या हाताने.

"घ्या वकीलसाहेब. एकट्यानं प्यायची सवय नाई मले. आमचंच हॉटेल होतं ना अकोल्याले, जिनाच्या रोडवर."

कप माझ्या हातात तसाच राहिला. मी विचारलं, "होतं म्हणजे?"

"हाये अजून. माय हाये, बाप हाये." तो बशीवर फुंकर मारत म्हणाला. "मीच नाई."

त्याने ते सहज सांगितलं, प्रवासात अनोळखी माणसाला सांगतात तसं. रागाने घर सोडलं. वरूडकडे बागेत राहिला. राग दोन महिन्यांत गेला, पण लाज राहिली. मग पाचेक वर्षांनी एका गाडीवानाने, तो कोण हे माहीत नसताना, सांगितलं, की अकोल्याला एक माय रोज पहिला चहा गेलेल्या पोराच्या जागी ठेवते. ते ऐकून तो रडला. एक-दोन हंगाम हिंमत गोळा करण्यात गेले आणि एका पहाटे अकोल्याला उतरून निंबाखाली जाऊन उभा राहिला. ठरवलं होतं, कप दिसला की आत शिरायचं, बोलायचं काही नाही, सरळ प्यायचा.

"बाप बाहेर आला," तो म्हणाला, "अन पहिला चहा रस्त्यावर ओतला. माह्या पायापासून हातभर. धुई होती, दिसलो नाई मी त्याले. मी एका बंडीवाल्याले विचारलं, इथं पोरासाठी चहा ठेवत होते ना? तो म्हणे, त्याची तेरवी होऊन गेली की मागल्या साली."

मी म्हटलं, "मग आत जायचं होतं. जिवंत माणूस समोर दिसल्यावर तेरवीचं काय!" माझा आवाज मला परका वाटत होता.

त्याने बशी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं.

"तसं नाई ना. तो बंडीवाला म्हणे, पोरगं सोता आलतं. तीन महिने रोज येऊन चहा पेलं, मायशी बोललं, तुह्यावर राग नाई म्हणे, अन मंग गेलं. तेव्हापासून माय सुखी हाये. बाजारात कोणालेही विचारा, सांगतेत." त्याने बशी बाजूला सारली. "मले जे सांगायचं होतं ना साहेब, शब्दाले शब्द तेच सांगून गेलं ते. मंग मी आत जाऊन काय सांगू? अन मी गेलो, तं मायनं मले विचारलं असतं, का तू जर हा हायेस, तं तो कोण होता?"

मी सांगायला हवं होतं. तो मी होतो, एवढे तीन शब्द. अकोल्याला संध्याकाळची गाडी होती. तो रात्रीच्या आत घरी पोचला असता. मला माझ्या नावाची भीती वाटली, अण्णांची वाटली, त्याच्या त्या कलमं बांधणाऱ्या हातांचीही वाटली. पण खरं कारण ते नव्हतं. मी पडद्याजवळचा तो श्वास ऐकला होता. तीन महिने त्या आईची माया मला मिळाली होती. ती त्याची होती, आणि मला ती परत करवेना.

"कोण असेल, काय सांगावं," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. बाहेर वरूडच्या गाडीचा कंडक्टर ओरडायला लागला. वसंता उठला, आणि मी खिशात हात घालायच्या आत त्याने दोघांच्या चहाचे पैसे गल्ल्यावर ठेवले.